जितकी माणसं, तितके कागद

डोळे मिटा बरं जरा. मिटलेत? आता असं समजा की तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी उभे आहात. पायाखाली ओला मुरूम आहे आणि समोर सागाचं रान. पानं एवढी मोठी की एकेका पानावर एकेकाचं जेवण वाढावं. आता हात उंच करून शेंड्याचं एक कोवळं पान तोडा. एकच हं, जास्त नको. ते दोन्ही तळव्यांत धरून चांगलं चोळा. पान तर हिरवंगार आहे. पण तळवे उघडून पाहा. लाल! जणू नुकतीच मेंदी काढून धुतली.

तुमच्यातले काही जण दचकले असतील. सुगंती दचकली नसती. ती साजपाणीची. साजपाणी म्हणजे जळगाव जामोदच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी कुशीतलं कोरकू आदिवासींचं छोटंसं गाव. तिथली पोरं चालायला लागली की सागाचं पान चोळायला शिकतात, आणि मग ते लाल हात एकमेकांच्या पाठीवर उमटवत गावभर पळतात. सुगंती मावस्कर अकरा वर्षांची होती, सहावीत होती, आणि तिच्या सदऱ्याच्या पाठीवर असे निदान चार हात कायमचे बसलेले होते.

तिचा आजा लालमन लाकडाचे मुंडे कोरायचा. मुंडा म्हणजे काय, ते आधी सांगतो. कोरकू माणूस गेला की त्याच्या नावानं सागाची एक जाड फळी कोरतात. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला स्वार. तो स्वार म्हणजे गेलेला माणूस. साजपाणीच्या वरच्या अंगाला एक म्हातारं मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली असे पन्नास-साठ मुंडे दाटीवाटीनं उभे होते, गावच भरल्यासारखे. त्यातले निम्मे तरी लालमनच्या हातचे.

पण एकावरही लालमनचं नाव नव्हतं. मुंड्यावर कोरणाऱ्याचं नाव घालतच नाहीत. आणि आता आजाचा हात थरथरायला लागला होता. चहाची कपबशी धरली की किणकिण वाजायची. उन्हाळ्यात एक मोठं काम त्यानं हातात घेतलं तेव्हाच सुगंतीला सांगून ठेवलं होतं, "हे शेवटचं, पोरी. याच्यानंतर ही पटाशी तुही झाली. पाह्यजे तर तिनं बटाटे सोल."

ते शेवटचं काम पाहायलाच आज दोघं एस.टी.नं जळगाव जामोदला आले होते.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत धम्मशीलाताईचा छापखाना होता. खरं तर तो तिच्या वडिलांचा, भाऊरावांचा. पायथ्याच्या साऱ्या गावांच्या लग्नपत्रिका तीस वर्षं भाऊरावांनीच छापल्या. मागच्या हिवाळ्यात ते गेले. धम्मशीलाताई नागपूरला चित्रकला शिकून आली होती. ती आता त्याच जुन्या यंत्रावर लाकडी ठोकळ्यांची चित्रं छापायची. नागपूरच्या एका संस्थेनं तिला नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनासाठी एक चित्र मागितलं होतं. त्यासाठी वैशाखात ती एक सागाची फळी घेऊन साजपाणीला आली आणि म्हणाली, "लालमनआजा, यावर एक मुंडा कोरून द्याल? मले कागदावर छापायचा हाये."

आजानं काही विचारलं नाही. फळीवरून हात फिरवला आणि हो म्हणाला. अडीच महिने तो कोरत बसला.

"या आजा, या. बसा," धम्मशीलाताईनं दोन स्टुलं पुढे सरकवली. "सुगंती, तू इकडे ये. तुले गंमत दाखवतो."

तिनं काळ्या शाईचा रूळ त्या कोरलेल्या फळीवरून आणि तिच्याखाली जुळवलेल्या शिशाच्या अक्षरांवरून फिरवला. जे उंच होतं ते काळं झालं, जे खोल होतं ते तसंच राहिलं. मग वर पांढराशुभ्र जाड कागद ठेवून तिनं यंत्राचा दांडा ओढला.

"असे किती छापणार वं ताई?" सुगंतीनं विचारलं.

"पन्नास. मर्यादित आवृत्ती म्हणतात त्याले. पन्नास म्हणजे पन्नासच. मंग ठोकळ्यावर मोठी फुली मारायची, म्हणजे कोणाले पुन्हा छापता येत नाही."

"फुली?" आजानं मान वर केली. पण तेवढ्यात ताईनं कागद उचलला.

कागदाचा वरचा अर्धा भाग मोकळा ठेवला होता. खालच्या अर्ध्या भागात सूर्य होता, चंद्र होता, आणि घोडा असा पाय उचलून की आता कागदावरून उतरेल. अगदी तळाशी दोन ओळी अक्षरं होती. सुगंतीनं ती खालून वाचली, कारण तिला जे पाहायचं होतं ते खाली होतं. "कोरणार: लालमन मावस्कर, साजपाणी. आजा! तुहं नाव! छापलं!"

आजा हसला. पण तो नावाकडे पाहतच नव्हता, तो धम्मशीलाताईकडे पाहत होता. ताईचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. कागदाच्या अगदी जवळ वाकून ती स्वाराच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

सुगंतीनंही पाहिलं. लाकडात लाकूड नीट दिसत नाही, शाई लागली की सगळं कळतं. स्वाराच्या डोळ्यांवर दोन गोल होते. मध्ये नाकावरून दांडी. "आजा, यानं चष्मा काऊन घातला?" ती खुदकन हसली. "घोड्यावर बसून चष्मा?"

"नाही घातला तर त्याले रस्ता कसा दिसंल?" आजा म्हणाला. "आणि उजवीकडची काडी पाह्यली का? दोरा बांधला हाये."

खरंच, चष्म्याच्या एका काडीला बारीकशी गाठ होती. ज्वारीच्या दाण्याएवढी.

"बाबांचा चष्मा," धम्मशीलाताई हळूच म्हणाली. "काडी मोडली तर दोरा बांधून आठ वर्षं चालवला. नवा घ्या म्हटलं की म्हणायचे, अक्षरं तर जुनीच हायेत." ती डोळे पुसून म्हणाली, "आजा, तुम्ही बाबांचा मुंडा कोरला?"

"मंग कोणाचा?" आजाला कळेना. "फळी तू आणली. तुह्या बापाच्या छापखान्याच्या दाराची फळी. आमच्यात लाकूड जो आणते, मेलेला त्याच्या घरचा. कोण मेलं, असं त्याले तोंडावर इचारत नाहीत. बरं नाही वाटत ते."

धम्मशीलाताईनं दाराच्या चौकटीकडे पाहिलं. जंगलातलं झाड तोडायचं नाही म्हणून तिनं छापखान्याचं मोडकं दार वापरलं होतं. एवढंच. पण आजानं त्यात जे वाचायचं ते वाचलं होतं.

"आजा, चूक माही हाये. मी नीट सांगितलंच नाही," ती म्हणाली. "हे चित्र बाबांसाठी नव्हतं. सुगंती, वरची ओळ वाच बरं."

सुगंतीनं वाचली. "सातपुड्यातल्या आदिवासींना आणि त्यांच्या रानाला मानवंदना."

"पुन्हा वाच," आजा म्हणाला.

तिनं पुन्हा वाचली. आजाचा चेहरा कसा झाला ते तिनं पाहिलं आणि तिसऱ्यांदा वाचायची वेळ येऊ नये असं तिला वाटलं.

"म्हणजे हा मुंडा रानाचा? आणि आमचा?"

"हाव आजा. तुमचा मान म्हणून."

"मुंडा मेलेल्याचा असते, पोरी," आजा म्हणाला. आवाज चढवला नाही, हळूच बोलला. "रान मेलं का? आम्ही मेलो का?"

बाहेरून भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली.  मग धम्मशीलाताईनं मार्ग काढून पाहिला. "चष्मा तेवढा काढून टाकला तर? मंग तो कोणीही माणूस होईल."

"मेलेल्याचे डोळे काढतं का कोणी?" आजा उठला. "हा भाऊरावचा मुंडा हाये. भाऊरावचाच राहील. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचं नाव नाही, माह्यं नाही, आणि फुली तर नाहीच नाही. ठोकळा मले दे. मोहाखाली ठेवीन त्याले. मोठा भला माणूस होता."

ताईनं मुकाट्यानं ठोकळ्यावरची शाई पुसली आणि तो त्याच्या हवाली केला. तिच्याच दाराची फळी, पण तिला नाही म्हणता आलं नाही. आजानं तो आपल्या उपरण्यात गुंडाळून बाळासारखा छातीशी धरला. निघताना सुगंतीनं हळूच विचारलं, "ताई, तो कागद मी नेऊ?"

"ने बाई. आता तो कोणाच्या कामाचा?"

परतीच्या गाडीत सुगंती खिडकीशी बसली होती. कागदाची सुरळी तिनं धरून ठेवली होती. आजाचं नाव छापलेला जगातला तो एकच कागद. तसा दुसरा आता निघणार नव्हता, कारण आजा पुन्हा पटाशी धरणार नव्हता. तिला आजाचा राग आला. मग वाटलं, आजाचं बरोबर आहे. बरोबर असलेल्या माणसाचा राग आला की फार अवघड होऊन बसतं. तुम्हालाही कधी झालं असेल.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती, पण सुगंती गेली नाही. आजा मुंड्यासाठी जागा पाहायला निघाला तशी तीही त्याच्या मागे चालू लागली. कागदाची सुरळी काखेत होतीच. वाटेत सवयीनं तिनं सागाचा एक शेंडा खुडला आणि चोळत चालली.

मोहाखाली आजा बराच वेळ फिरला. इथे मुळं आहेत, तिथे पाणी साचतं. सुगंतीनं एका बाजूला, झाडापासून दूर, मोकळी सपाट जागा दाखवली. "इथी ठेव ना. कोणाची गर्दी नाही."

"उघड्यावर?" आजा म्हणाला. "मुंडा उघड्यावर नाही ठेवत, पोरी. वर झाड पाह्यजे. मेलेला खाली, जितं झाड वर. झाडच नसंल तर तो नुसता लाकडाचा तुकडा."

सुगंती तिथेच थांबली. मग मुंड्यांच्या मधल्या एका सपाट दगडावर बसली आणि तिनं सुरळी उलगडली. खाली चष्मा घातलेले भाऊराव घोड्यावर बसले होते. आणि वर? वर सगळा पांढरा, मोकळा कागद. उघडा माळ.

तिनं आपल्या तळव्याकडे पाहिलं. लाल होता, पण फिका. ती उठली, आणखी दोन कोवळी पानं घेऊन आली, तळवा ओलाचिंब होईपर्यंत चोळली. एक श्वास घेतला. आणि भाऊरावांच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत हात दाबून ठेवला, मनगटासकट.

हात उचलला तेव्हा कागदावर एक झाड उभं होतं. मनगटाचं खोड, तळव्याचा घेर, पाच बोटांच्या पाच फांद्या. तळव्यावरच्या रेषा पानांच्या शिरांसारख्या दिसत होत्या.

"आजा," ती ओरडली. "पाह्य बरं!"

आजा हळूहळू आला. त्यानं कागद हातात घेतला, आणि त्याच्या थरथरत्या हातात ते लाल झाड वारा लागल्यासारखं हलू लागलं.

"हा मुंडा भाऊरावबाबांचा," सुगंती भरभर बोलू लागली. आजानं मध्येच नाही म्हणू नये म्हणून तिला घाई झाली होती. "तो बदलायचा नाही. आणि वरचं झाड माह्यं. मी तर मेली नाही ना? मंग हे रान जितं हाये. खाली मेलेला, वर जितं. तूच म्हटलं."

आजानं कागद दगडावर ठेवला. त्यानं आपला तळवा सुगंतीच्या झाडाशेजारी, कागदाला न लावता धरून पाहिला. "तुहं झाड बारकं हाये," तो म्हणाला. "माह्यं मोठं होईल."

"पण एका कागदावर एकच झाड बसते."

"मंग दुसरा कागद घे."

त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून, मास्तरांच्या फोनवरून, सुगंतीनं धम्मशीलाताईला सगळं सांगितलं. घरात ही मंडळी कोरकूत बोलतात, त्यामुळे तिची मराठी घाईत असली की अडखळायची. पण ताईला समजलं. शुक्रवारी सकाळच्या एस.टी.नं ती शाईचे डबे, रूळ, शिशाची अक्षरं, कागदांचा गठ्ठा आणि स्टीलची एक जाड पळी घेऊन साजपाणीत उतरली. यंत्र आणता येत नव्हतं. कागदाच्या पाठीवर पळी घासून छापायचं ठरलं.

आधी तिनं सुगंतीचा कागद पाहिला. खूप वेळ पाहिला. मग आजाला म्हणाली, "आजा, एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही बौद्ध. बाबांनी बुद्धवंदनेशिवाय दुसरी पूजा केली नाही. मुंड्याले कोंबडं-बिंबडं नका देऊ."

"नाही देत. नुसता झाडाखाली बसंल तो," आजा म्हणाला. "झाडाखाली बसाले भाऊरावची काय हरकत? तुमचा बुद्धही झाडाखालीच बसला होता म्हणते."

धम्मशीलाताई दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळी हसली.

आता राहिला आकडा. नागपूरच्या संस्थेला पन्नास हवे होते. पण एका कागदावर एक हात, आणि हात सगळ्यांचे, हे तर ठरून गेलं होतं. सुगंती वही घेऊन घरोघर मोजायला निघाली. तिच्यामागे गावातली सगळी पोरं निघाली आणि दर दोन घरांनी आकडा चुकवायला लागली. रामकली काकूच्या दारात तर वादच पेटला. काकूला नववा महिना लागून सरत आला होता.

"पोटातलं मोजाचं का?" कोणीतरी विचारलं.

"मोज की! ते जितंच हाये. लाथा मारून राह्यलं," काकू म्हणाली.

"हात कुठून आणशीन त्याचा?"

शेवटी आजापाशी गेले. आजानं निकाल दिला. "बाहेर आलं ते मोजाचं. आतलं आपलं आपण सांगंल, मी आलो म्हणून."

आकडा निघाला त्रेसष्ट. धम्मशीलाताईनं नागपूरला फोन लावला. तिकडे हर्षल नावाचा एक तरुण होता, बोलायला चांगला, पण नियमाचा पक्का. ताईनं फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मॅडम, पन्नास ठरले होते. मर्यादित आवृत्ती म्हणजे मर्यादा पाळायला नको का?"

ताई बोलायच्या आधीच सुगंतीनं फोनाजवळ तोंड नेलं. "दादा, मर्यादा पाळूनच राह्यलो. आमच्या गावात त्रेसष्टच माणसं हायेत. चौसष्टावा कागद आम्हाले काढताच येत नाही. आता पन्नासच पाह्यजे तर तेरा जणं कोणते काढू, ते तुम्ही सांगा. मी नावं वाचतो."

आणि ती खरोखरच वही उघडून वाचायला लागली. सातव्या नावापर्यंत हर्षलनं ऐकलं. मग त्याच्या हसण्याचा आवाज आला. "नको बाई, नको. कोणालाच काढू नका. त्रेसष्ट पाठवा. फक्त एक विचारतो, हा लाल रंग टिकेल ना?"

"तुरटीचं पाणी दिलं तर बराच टिकंल," धम्मशीलाताईनं सांगितलं. "पण हळूहळू तांबूस होईल, मंग तपकिरी. नवा होता तसा नाही राहणार."

"जित्या माणसाचा रंग उतरतेच," आजा मागून म्हणाला. "लिहून घे म्हणा."

शनिवारी आणि रविवारी शाळेचा ओटा म्हणजे जत्रा झाली होती. एका टोकाला धम्मशीलाताई शाईचा रूळ फिरवी, कागद ठेवी आणि पळीनं घासे. दुसऱ्या टोकाला पोरं पानं चोळून चोळून पातेल्यात रस गोळा करत. पानं कुठली तोडायची ते आजानं बजावलं होतं: एका झाडाचा एकच शेंडा, आणि गुडघ्याएवढ्या रोपट्याला हातच लावायचा नाही. मध्ये सुगंती बसली होती. माणूस आला की ती त्याचा हात धरी, बोटं पसरवी आणि दाबून ठेवी.

हात तरी किती तऱ्हेचे! अन्नपूर्णाबाई अंगणवाडीत खिचडी शिजवायची, तिच्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता. त्या झाडाला ढोली पडली. एकाचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं होतं. त्याचं झाड चारच फांद्यांचं उमटलं, आणि तो हात मागे घ्यायला लागला तेव्हा आजा म्हणाला, "राहू दे. रानात फांदी तुटलेलं झाड नसते का?" सुगंतीचा काका नांदुऱ्याच्या धान्यबाजारात हमाली करायचा. तो शनिवारी दुपारीच धापा टाकत गावात आला. "माहा हात राह्यला असता तर?" म्हणाला, आणि चहा न पिता रांगेत उभा राहिला. दोन वर्षांच्या एका पोरानं हात दाबायच्या ऐवजी मूठच आपटली. त्याचं झुडूप झालं.

लालमनआजानं आपला हात सगळ्यात शेवटी दिला. त्याचा थरथरता हात धरून ठेवायला सुगंतीनं दोन्ही हात लावले, तरी तो थोडा हललाच. कागदावरच्या झाडाच्या कडा धूसर आल्या.

"बिघडलं," सुगंती कळवळली. "दुसरा घेऊ?"

"कायले?" आजा म्हणाला. "वारा सुटला हाये, दिसत नाही का?"

धम्मशीलाताईनं प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक आकडा घातला. एक, तिरपी रेघ, त्रेसष्ट. दोन, तिरपी रेघ, त्रेसष्ट. म्हणजे त्रेसष्टांतला हा पहिला, हा दुसरा. खालच्या ओळी सुगंतीनं सुचवल्या तशा बदलल्या होत्या: 'भाऊराव मुद्रकांचा मुंडा, साजपाणीच्या रानात. रान जिवंत आहे.' आणि त्याखाली, आजानं तीन वेळा नाही म्हणून मान हलवून शेवटी होकार दिल्यावर, 'कोरणार: लालमन मावस्कर.'

"मुंड्यावर नाव नसते," तो पुटपुटला होता.

"मुंड्यावर नाहीच. कागदावर हाये," सुगंतीनं सांगितलं होतं. "लाकडावर पाह्य, कुठी हाये?"

सोमवारी सकाळी ताईची एस.टी. दहाला होती. त्याआधी सगळे मोहाखाली जमले. फुली मारायची नव्हतीच. एकदा झाडाखाली उभा केलेला मुंडा पुन्हा कोणी हलवत नाही, छापायला तर नाहीच. फुलीपेक्षा ते पक्कं होतं. हर्षलनंही ते मान्य केलं होतं. खड्डा खणून तयार होता. धम्मशीलाताईनं खिशातून वडिलांचा चष्मा काढला, दोरा बांधलेला, आणि खड्ड्याच्या तळाशी ठेवला. आजानं फळी दोन्ही हातांनी उचलली.

एवढ्यात खालून एक पोरगा ओरडत पळत आला. "थांबा! थांबा बे! रामकली काकूले पोरगी झाली!"

आजाचे हात हवेतच थांबले. धम्मशीलाताईनं आधी फळीकडे पाहिलं, मग पिशवीतल्या गठ्ठ्याकडे. "अग बाई," ती म्हणाली. "चौसष्ट. म्हणजे त्रेसष्ट कागदांवरचे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतील. आणि दहाची गाडी?"

"दुसरी दोनले हाये," आजा म्हणाला, आणि त्यानं फळी हळूच पुन्हा उपरण्यावर आडवी ठेवली. "म्हटलं होतं ना, ते आपलं आपण सांगंल."

ताईनं पिशवीतून कोरा कागद काढला. शाईचा डबा उघडला. मग सगळ्यांनी वळून सुगंतीला शोधलं.

सुगंतीनं दप्तरातून आपला खोडरबर काढून धम्मशीलाताईच्या हातावर ठेवला. मग सगळ्यात जवळच्या सागापाशी गेली, टाचा उंच करून शेंड्याचं सगळ्यात कोवळं, नखाएवढं पान खुडलं, आणि काकूच्या घराकडे धावता धावता ते हळूहळू, अगदी हळूहळू, आपल्याच तळव्यात चोळून मऊ करू लागली, बाळाच्या हाताला खरखर लागू नये म्हणून.